तेरा मिलिमीटर

४ सप्टेंबर, सोमवार

आज मला बढती मिळाली की शिक्षा, ते अजून ठरत नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणाले (तिथेच शंका यायला हवी होती) आणि सेहेचाळीस पानांची एक पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. बांधकामाच्या जागेवरच्या पावसाच्या पाण्याचे नियम. म्हणाले, "आजपासून साइटवरचं पाणी तुझं." मी विचारलं, "आणि चिखल?" म्हणाले, "तो पहिल्यापासूनच तुझा आहे."

प्रकरण असं की आमची साइट टेकडीच्या उतारावर आहे. तिथे छत्तीस घरं व्हायची आहेत, सध्या छत्तीस खड्डे आहेत. उताराच्या तळाशी एका बाईंचं तळं आहे. त्यात त्या कमळं आणि रंगीत मासे वाढवून विकतात, त्यावरच त्यांचं पोट आहे. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीने वरच्या अंगाला खोदकाम केलं आणि एका पावसात सगळी माती तळ्यात उतरली. मासे मेले, कमळं कुजली, आणि तळं पुन्हा धड व्हायला दोन वर्षं गेली. म्हणून आमच्या परवान्यात खास अट आहे की तळ्यात चिखल गेला की काम बंद. साहेबांनी त्याला स्वतःची एक अट जोडली. काम बंद झालं की मी घरी.

संध्याकाळी पुस्तिका एका बैठकीत वाचली. काय लिहिली आहे! चोवीस तासांत बारा मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या साइटची पाहणी करायची, पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत चालत जायचं आणि खालच्या रहिवाशाची सही आणायची. बारा किंवा कमी पडला तर काही नाही. संसारातही कुणी अशी रेघ मारून दिली असती तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

५ सप्टेंबर, मंगळवार

खाली जाऊन तळेवाल्या बाईंना भेटून आलो. वय साठीच्या आसपास, आवाज पंचविशीचा. त्यांनी एक पांढरी बशी तीन दोऱ्यांना बांधून तळ्यात कंबरभर खोल सोडली आहे. म्हणाल्या, "ही बशी काठावरून दिसते तोवर तुम्ही माझे शेजारी. दिसेनाशी झाली की आरोपी." बसा म्हणाल्या नाहीत, पाणीही विचारलं नाही. परत येताना फाटकाची कडी लावायला विसरलो, तेव्हा मागून आवाज आला, "कडी!" मी चौथीत असताना असा दचकलो होतो.

पुन्हा तिथे जायची माझी छाती नाही. पाऊसच पडू नये, हे बरं.

७ सप्टेंबर, गुरुवार

घरची आघाडी. आई गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून बाबा उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, दुकान बंद झालं, पण हात काही बंद होत नाहीत. घरातल्या उशांचे अभ्रे उसवतात आणि पुन्हा शिवतात. आज सकाळी कामावर जायला पँट शोधली, तर ती चार तुकड्यांत टेबलावर. "शिलाई कच्ची होती," म्हणाले. शिवली होती त्यांनीच.

ही म्हणाली, "अहो, त्यांना साइटवर घेऊन जा. नाहीतर एक दिवस मलाच उसवायला घेतील."

बाबा तयार होईनात. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "कामाशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये." मामाकडेही ते कधी नुसते गेले नाहीत, मापाची टेप खिशात टाकूनच गेले. शेवटी मी म्हणालो, "बाबा, काम आहे म्हणून तर बोलावतोय. माझ्या हाताखाली माणूस नाही." त्यावर ते उठले आणि चपला शोधायला लागले.

११ सप्टेंबर, सोमवार

आज माझी शोभा झाली. माती वाहून जाऊ नये म्हणून मी उताराच्या कडेने दोनशे मीटर काळं कापड खुंट्यांवर ताणून घेतलं होतं. दुरून झकास दिसत होतं. बाबांनी खाली वाकून बघितलं, कापडाखाली बोटं घातली, पंजा घातला, मग कोपरापर्यंत हात.

"याला काठ कुठे आहे?"

"काठ कशाला, बाबा? काय नेसायचं आहे का?"

"अरे, खालचा काठ मोकळा असला की वारासुद्धा आत शिरतो. पाणी काय तुझी परवानगी घेणार आहे? काठ दुमड, मातीत गाड, वरून टीप मार."

जेसीबीवाला मशीन बंद करून हसायला लागला. मी ऐटीत पुस्तिका उघडली, तर पान एकोणीसवर अगदी तेच लिहिलेलं. चर खणायचा, खालचा वीतभर काठ चरात पुरायचा, माती दाबायची. त्या पानावर मोठं चित्र होतं, म्हणून मी भरभर उलटलं होतं.

दिवसभर चर खणून काठ पुरला. बाबा खुर्ची टाकून बसले होते, गळ्यात मापाची टेप. "इथे झोळ आलाय," असं दर दहा मिनिटांनी. बऱ्याच दिवसांनी त्यांना ओरडताना ऐकलं, बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

काल पंधरा मिलिमीटर पडला. म्हणजे पाहणी, म्हणजे सही, म्हणजे बाई. बाबांना म्हणालो, "तुम्ही जाता का? फक्त सही आणायची."

"काम आहे ना?"

"पान सात, कलम तीन."

मग गेले. पाच मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. मी वर बसून नखं खाल्ली. आले ते सही घेऊन, आणि दुसऱ्या हातात काचेचा पेला. बाईंच्या छत्रीची काडी कापडातून निसटली होती, तिला टाके घालत बसले होते म्हणे. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं.

मी ओरडलोच, "बाबा, तुम्हाला साखर बंद आहे!"

"मी कुठे प्यायलो? तोंडावर नाही कसं म्हणणार? म्हटलं वर जाऊन पितो. ओतलं इथेच कुठेतरी."

पेला उद्या परत करायला हवा, याची त्यांना फारच काळजी.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

चमत्कार. पर्जन्यमापकात तेरा मिलिमीटर, आणि जमीन ठणठणीत कोरडी. मापक म्हणजे खांबाला बांधलेली एक नळी, वर नरसाळं. ते रात्रीत आपोआप भरत नाही, म्हणजे रात्री सर येऊन गेली असणार. आमची माती तहानलेली, लगेच पिऊन टाकत असेल. नळीभोवती मुंग्या बऱ्याच होत्या. ओलाव्याला येतात.

तेरा म्हणजे बाराहून जास्त. बाबांना सांगितलं, "पुन्हा खाली जावं लागणार." त्यांनी मापकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मापकाकडे. "तेराला जावं लागतं होय?" म्हणाले. त्यांना नियम समजावून सांगितला. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

२० सप्टेंबर, बुधवार

आणखी तीन वेळा पाऊस. तिन्ही रात्री, तिन्ही वेळा बरोब्बर तेरा. निसर्गात एवढी शिस्त मी पाहिली नव्हती. गावात कुणाकडे थेंब नाही, फक्त आमच्या साइटवर. मी एक सिद्धान्त मांडला आहे. छत्तीस खड्ड्यांतली गरम हवा वर जाते, आमच्या डोक्यावरच एक लहानसा ढग धरतो आणि पहाटे तो ठरावीक माप ओतून जातो. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रजा हवी आहे का?"

पाणी मात्र किंचित गढूळ येतं, हवेतली धूळ असणार. आज त्यात एक लिंबाची बी निघाली. पक्ष्यांचा काही नेम नाही.

घरी सगळं हिला सविस्तर सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात निघून गेली. विज्ञानाचा विषय निघाला की हिचं हे असंच असतं.

बाबांनी स्वतःसाठी नवा सदरा शिवला, फिकट निळा. मी म्हणालो, "चिखलात जायला नवा कशाला?" ही आतूनच म्हणाली, "पाहणीला जातात ना? पाहणी काय एकीकडूनच होते?" मला हे नीटसं कळलं नाही, पण आपली माणसं टापटीप दिसावीत हे खरंच.

२४ सप्टेंबर, रविवार

बाबांची साखर तपासून आणली, चांगलीच उतरली आहे. डॉक्टर म्हणाले, चालणं वाढलेलं दिसतं. मी त्यांना पान सात, कलम तीन सांगितलं. उताराला तीनशे पावलं खाली, तीनशे वर. सरकारने हे लोकांच्या तब्येतीचा विचार करूनच घातलं असणार.

आज सुट्टी. बाबांनी चार वेळा विचारलं, "आज मापक कोण बघणार?" चौथ्यांदा माझ्या दुसऱ्या पँटकडे बघत विचारलं. ती मी कपाटात कुलपात ठेवली.

२७ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा तेरा. जेसीबीवाला आता उघड कुरकुरतो. "दादा, पावसाचा पत्ता नाही आणि तुमची जवळजवळ रोज पाहणी. आमचं काम कधी व्हायचं?" मी मापक दाखवलं. त्याने बोट बुडवून चाटलं आणि गप्प झाला. पुरावा समोर असला की माणूस गप्प होतोच.

पण आजच्या पाहणीचं सार्थक झालं. सगळं गढूळ पाणी आधी आमच्या गाळाच्या खड्ड्यात थांबतं, माती तळाला बसते आणि वरचं निवळ पाणी एका पाइपातून खाली जातं. बाबा खाली जाता जाता त्या पाइपात डोकावले, तर आत सिमेंटची रिकामी गोणी घट्ट बसलेली. मोठा पाऊस आला असता तर खड्डा तुंबून फुटला असता, आणि सगळा चिखल थेट बशीवर. गोणी काढायला चौघं लागले. बाबा म्हणाले, "सुईच्या नेढ्यात कचरा अडकला की दोरा जात नाही, त्यातलाच प्रकार." आणि सदरा झटकून खाली गेले.

३० सप्टेंबर, शनिवार

माझा सिद्धान्त सिद्ध झाला! बाबांनी सांगितलं, आज सही करताना बाईंनी विचारलं, "काल किती पडला?" बाबा म्हणाले, "तेरा." बाई तळ्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडेही तेवढाच." म्हणजे ढग दिसतो त्याहून मोठा आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

हात अजून ओले आहेत, अक्षर वाईट येणार.

दुपारी दोन वाजता आभाळ काळं झालं आणि मग जे कोसळलं त्यापुढे माझा ढग म्हणजे शिंक. दोन तासांत चौसष्ट मिलिमीटर. उतारावरून लाल पाण्याचे लोट सुटले. काळ्या कापडाचं पोट फुगलं, खुंट्या वाकल्या, पण काठ मातीत होता, तो सुटला नाही. खड्डा काठोकाठ भरला आणि पाइप घळाघळा वाहायला लागला. बाबा कुठे दिसेनात. मी घसरत, आपटत खाली धावलो. एक बूट वरच राहिला.

तळ्याच्या काठावर दोघं एकाच छत्रीत उभे होते. बाईंची तीच छत्री, टाके घातलेली. बाईंनी छत्रीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. सहा वर्षांपूर्वी त्या अशाच उभ्या राहिल्या असतील, एकट्या.

पाणी तपकिरी झालं. बशी फिकट झाली, मग नुसता पांढरा डाग उरला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. बाबा म्हणाले, "थांबा, निवळेल. गाळ वर अडलाय, हे नुसतं अंगणातलं पाणी आहे." आम्ही थांबलो, किती वेळ ते माहीत नाही. डागाला हळूहळू कड आली. मग बशीवरची निळी नक्षी दिसली. एक लाल मासा तिच्यावरून पोहत गेला, जणू काही झालंच नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "बसा. पाणी देऊ का?" मी म्हणालो, "पाणी सोडून काहीही द्या."

५ ऑक्टोबर, गुरुवार

तपासनीस बाई आल्या. मी छाती काढून नोंदवही पुढे केली. त्यांनी साइट पाहिली, कापड पाहिलं, खड्डा पाहिला, चेहरा प्रसन्न. मग वही उघडली आणि चष्मा नाकावर खाली घेतला.

"सप्टेंबरमध्ये अकरा पाऊस?"

"हो. आमचा स्थानिक ढग..."

"हवामान केंद्रात एकच आहे. या दहा नोंदी खोट्या आहेत. खोट्या नोंदीला काय होतं, माहीत आहे?"

माहीत होतं. पान एकेचाळीस. परवाना रद्द. मी मापकाच्या, मुंग्यांच्या, लिंबाच्या बीच्या शपथा घेत होतो, तेवढ्यात बाबा पुढे आले. निळा सदरा, गळ्यात टेप. मान खाली.

"पाऊस मी पाडला," म्हणाले.

संध्याकाळी सरबत घेऊन वर यायचं, अर्धा पेला मापकात ओतायचा. सकाळी तेरा. तेरा झाले की पाहणी, पाहणी झाली की सही, सही झाली की सरबत, आणि संध्याकाळी पुन्हा मापक. "पहिल्यांदा चुकून झालं," म्हणाले. "याचा काही दोष नाही. याला काहीच माहीत नव्हतं." हे शेवटचं वाक्य ऐकून जेसीबीवाल्याने खोकला काढला.

तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या. "सतरा वर्षं हे काम करते. पाऊस लपवणारे शेकड्याने पाहिले. पाहणी टाळायला नळी उलटी करतात, फोडतात, एकाने तर छत्री धरली होती. पण पाहणी वाढावी म्हणून पाऊस पाडणारा..." मग तळेवाल्या बाईंकडे वळल्या. त्या केव्हा वर येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. "आणि तुम्ही? तुमच्याकडे थेंब नसताना दहा सह्या केल्यात?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "कागदावर विचारलंय, पाहणी झाली का. झाली. अगदी नीट झाली. पाऊस पडला का, असं मला कुणी विचारलेलंच नाही."

मी मनोमन हात जोडले. पुस्तिका इतक्या बारकाईने वाचणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

मग बाई बाबांकडे वळल्या. "साखर चालत नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी बिनसाखरेचं केलं असतं." बाबांचे कान लाल झाले होते.

निकाल असा. दहा नोंदींवर रेघ मारायची, शेजारी 'सरबत' असं कारण लिहायचं आणि मी सही करायची. चूक आपणहून सांगितली आणि सगळी मातीही अडली, म्हणून परवाना राहिला, ताकीद मिळाली. मापकाला कुलपाची पेटी बसली. पाइपातली गोणी नवव्या खोट्या पावसाला सापडली होती, ही नोंद तपासनीस बाईंनी दोनदा वाचली.

घरी हिला म्हणालो, "बघ, बाबांना माझ्या नोकरीची किती काळजी! जास्त पाहण्या व्हाव्यात म्हणून बिचाऱ्यांनी काय काय केलं." ही माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "तुम्ही नियमच वाचा हो."

१६ ऑक्टोबर, सोमवार

तेरा दिवस आभाळ कोरडं आहे. मापकात शून्य, पेटीला कुलूप, पाहणी नाही. बाबा साइटवर येतात, निळा सदरा घालून खुर्चीवर बसतात आणि खालच्या फाटकाकडे बघतात. काल घरी उशांचे अभ्रे पुन्हा उसवायला घेतले.

आज डबा खाताना त्यांनी पोळीचे सारखे चौकोन पाडले. मग चाचरत विचारलं, "अरे, तुझ्या त्या पुस्तिकेत काय आहे... पाऊस नसला तर खाली गेलेलं चालतं का?"

मी हातातला घास डब्यात ठेवला. पुस्तिकेतली कलमं पाठ असलेला मी हुशार, आणि सरबत, सदरा, छत्री, टाके, सगळं समोर असून मला दिसलं नव्हतं. कामाशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये म्हणणारा माणूस. त्याने काम मिळावं म्हणून पाऊस पाडला. डोळ्यांत पाणी आलं. ठसका लागला असं दाखवलं.

"बघून सांगतो," म्हणालो. खिशातली पुस्तिका काढली आणि त्यांच्या समोर बसून सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पानं वाचली. चित्रांची पानंसुद्धा. बाबा डबा न आवरता वाट बघत होते.

"बाबा," मी म्हणालो, "पाऊस नसताना खाली जाऊ नये, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मग रिकाम्या हातांनी खाली गेले.